वर्षाच्या आतलं लग्न

बायको गेली तेव्हाच घरात ठरलं, नातीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. घरातलं माणूस गेलं की आमच्यात तसंच करतात. वर्ष उलटलं की तीन वर्षं थांबावं लागतं म्हणतात. मला तेव्हा कशातच रस नव्हता. करा म्हणलं.

वर्षातल्या शेवटच्या मुहूर्ताला धरलेलं लग्न चार दिवसांवर आलं आन् नात होस्टेलवरून मुकुंदवाडीला घरी आली ती गाल धरूनच. सकाळपर्यंत तोंड असं सुजलं की कानाची पाळी वर उचलली. होस्टेलात आधीच काही पोरींना झालेलं. डॉक्टरीणबाईंनी हात लावला आन् म्हणल्या, गालगुंड.

"लहानपणी समद्या लशी दिल्यात की," सून म्हणाली.

"सरकारी लशींत गालगुंडाची नसते. ती वेगळी घ्यावी लागते, मोठेपणीही घेता येते, दोन डोस. हिला आता उपयोग नाही. सूज आल्यापासून पाच दिवस वेगळं ठेवा."

मग त्यांनी विचारलं, नवऱ्या मुलाला लहानपणी येऊन गेलंय का? मोठ्या गड्याला झालं तर कधी कधी खाली उतरतं. बाईंनी डॉक्टरी शब्द वापरला, मी सरळ लिहितो, आंड सुजतात. लई हाल होतात, क्वचित पुढं मूल व्हायलाही अडचण येते. आन् आता लस टोचली तरी चार दिवसांत ती कामाला येत नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणला, "हळदीत गाल कुणाला दिसतोय? कुणाला काय सांगायचं नाय."

"बाबा, भोपळा झालाय माझा. आंधळ्यालाही दिसंल," नात आतल्या खोलीतून म्हणाली.

"मामा, वर्ष सरलं तर पोरगी तीन वर्षं घरात बसंल," सून मला म्हणाली. समदे माझ्याकडं बघायला लागले.

"वर्ष माझ्या बायकोचं हाय," मी म्हणलं. "फोन लावून द्या."

व्याही फोनवर चिडला. "पाव्हणं, पत्रिका वाटून झाल्या. आमचं पोरगं काय काचेचं हाय का?"

"लहानपणी आलतं का त्याला?"

त्यानं बाजूला बायकोला विचारलं. "नाय म्हणते."

"मग पत्रिका पाहिजेत का नातवंडं, ते सांगा."

व्याह्याचा आवाज खाली आला. मग म्हणला, "तुमच्या वर्षाचं काय?"

"ते मी बघतो."

लग्न पुढं गेलं. भाऊबंद बोलले, म्हाताऱ्याला बायकोचं काही नाही. कुणाकुणाला सांगत बसू, तिच्यावाचून मला चहासुद्धा गोड लागत नाही.

वर्षश्राद्धाला नवरा मुलगा जेवायला आला. पंगतीत माझ्याशेजारी बसला.

"आबा, दुसरा डोस पण झाला."

"सुई बघून डोळे मिटले त्यांनी," नात वाढता वाढता म्हणाली. तिचा गाल कधीच उतरला होता.

समोर बसलेल्या एका भाऊबंदानं विचारलं, "मग आता तीन वर्षं का?"

सून वाटी हातात धरून थांबली.

"उन्हाळ्यात करू," मी म्हणलं. "तीन वर्षं थांबायचं त्राण नाही माझ्यात. आन् जिचं वर्ष, तिनंही कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही."

सुनेनं खीर वाढली. भाऊबंद जेवायला लागले.