खो-खोचा संघ घेऊन अकोल्याला

प्रिय ईशान आणि तन्वी,

गेल्या रविवारी ईशान फोनवर म्हणाला, त्याच्या शाळेतल्या एका पोहणाऱ्या मुलानं सगळ्या संघासमोर सांगितलं की आपल्याला मुलगेच आवडतात. मग ईशाननं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं कुणी होतं का?" होतं. फोनवर सांगण्याजोगं ते नाही, म्हणून लिहिते. जिची हकिगत आहे तिला मी आधी विचारलं. ती म्हणाली, "लिहा की, नाव तेवढं बदला." तेव्हा इथे तिला कमल म्हणते.

ते दुष्काळाचं साल होतं. मी भिंगारला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई हवीच, म्हणून खो-खोतलं जेमतेम कळणारी मी मुलींना घेऊन स्पर्धेसाठी अकोल्याला निघाले. (विदर्भातलं अकोला नव्हे, आपल्याच जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं अकोले.) थंडीची सकाळ होती. नगरच्या स्टँडवर मी मुली मोजल्या, पिशव्या मोजल्या आणि एसटीत पुढची बाकं धरली.

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना करपलेलं रान. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. कालव्याचं पाणी लागलं तसा एकदम हिरवागार ऊस सुरू झाला आणि उसाच्या कडेनं कोप्या (ऊसतोडीच्या माणसांच्या पाचटाच्या झोपड्या) दिसू लागल्या. कमल खिडकीतून त्याच बघत होती.

कमल आमची कप्तान. दहावीतली (तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे), पाथर्डीकडची, लांब पायांची. आईवडील ऊसतोडीला जात आणि ती वसतिगृहात राही. संघात खेळते म्हणून शाळेनं तिची राहण्याजेवणाची सोय केली होती. संघ सुटला की वसतिगृह सुटणार, आणि वसतिगृह सुटलं की लग्न. स्थळ आलेलंच होतं. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. त्या मुलाला जोडी हवी होती. येताना कोल्हारच्या थांब्यावर तिचे वडील, आबा, भेटणार होते, ते हेच बोलायला.

मुलींना हे ठाऊक होतं. विजया म्हणून भिंगारची एक बोलघेवडी मुलगी होती. ती ओरडली, "कमळे, तो बघ तुझा नवरा, कोयता घेऊन उभा!"

सगळ्या हसल्या. कमल म्हणाली, "मला नवरा नको."

"हा नको तर दुसरा बघ."

"कंचाच नको. मला पोरीच आवडत्यात. नवऱ्यावानी."

पुन्हा हशा झाला, पण कमल हसेना. हळूहळू एकेकीचं हसणं थांबलं.

"म्हणजे आमच्याकडे पण तसंच बघतेस?" विजयानं विचारलं.

"तुज्याकडं? तुजं बोलनं ऐकून मला झोप येती."

या वेळी कुणीच हसलं नाही. विजया उठून माझ्या मागच्या बाकावर येऊन बसली. मी पुढे होते, सगळं ऐकत होते. कॉलेजात इंग्रजी पुस्तकांतून असलं काही मी आडवळणानं वाचलं होतं. मराठीत, शाळेच्या बाईला उच्चारता येईल असा शब्द माझ्यापाशी नव्हता.

संगमनेरला गाडी बदलायची होती. नळावर विजयानं मला गाठलं.

"बाई, तिला परत पाठवा."

"का?"

"तुम्ही ऐकलंत. माझ्या आईला कळलं तर ती शाळेत येऊन गोंधळ घालेल."

"आईला कोण सांगणार आहे?"

तिनं नळ बंद केला. मी म्हटलं, "कप्तान येणार. पिशवी उचल."

अकोल्यात एका शाळेच्या वर्गात उतरलो. जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, झणझणीत पिठलं आणि कांदा. आमच्याकडे रेशनवरची मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन कंटाळलेल्या मुलींनी एरवी कौतुकानं भाकऱ्या संपवल्या असत्या. त्या दिवशी त्या कमलपासून लांब बसून नुसत्या चिवडत होत्या. वाढणाऱ्या मावशींनी विचारलंच, "का गं पोरींनो, भांडलात व्हय?"

सामन्याच्या दिवशी सगळ्यांच्या वेण्या कमल घालायची. तिच्या हातची वेणी सामनाभर सुटत नसे. त्या दिवशी ती फणी घेऊन बसली आणि कुणी पुढे आलंच नाही. मुलींनी वेड्यावाकड्या वेण्या आपापल्या घातल्या. कमलनं फणी पिशवीत टाकली.

तुम्हाला खेळ सांगायला हवा. पाठलाग करणाऱ्या मुली ओळीनं उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. धावणारी बसलेलीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणते, मग बसलेली उठून पळते. हात लागण्याआधी उठली तर ती चूक.

पहिल्या डावात कमल धावत विजयाच्या मागे आली. 'खो' म्हणाली, पण हात पोचण्याआधीच विजया उठून पळाली. शिट्टी. थोड्या वेळानं दुसरी तशीच उठली. पुन्हा शिट्टी. बघणाऱ्यांना वाटलं, पोरी घाबरल्या. मला कळलं की मुलींना कमलचा हात पाठीला लागायला नको होता. कमललाही कळलं. तिनं हात मागे घेतला आणि परकरात पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

दुसऱ्या डावाला मी जागा बदलल्या. कमलला बसवलं आणि विजयाला धावायला लावलं.

"बाई, ती उत्तम धावते," विजया म्हणाली.

"तू धाव."

विजया कमलच्या मागे आली आणि थबकली. समोरची मुलगी निसटत होती. गर्दी ओरडत होती, पण कमल जागची हलली नाही. शेवटी विजयानं दातओठ खाऊन तिच्या पाठीत हात मारला, "खो!" आणि कमल बाणासारखी सुटली. तो गडी बाद झाला. सामना आम्ही थोडक्यात हरलो.

हरलो तरी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी भंडारदरा बघितलं. धरणात पाणी बरंच खाली गेलेलं, कडेनं तांबडी माती उघडी पडलेली. तरी आमच्या मुलींनी एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. त्या भिंतीवरून पुढे पळाल्या. कमल माझ्याबरोबर राहिली.

"बाई, उद्या आबांना सांगू का?"

"काय?"

"पोरींना सांगितलं त्येच."

धरणावरचा वारा अंगाला झोंबत होता. मी म्हटलं, "आधी मॅट्रिक हो. मग तुझ्या पायावर उभी राहून सांग."

"मग खोटं बोलू?"

"खोटं नको. विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे."

"आन् का म्हनून इचारलं तर?"

मी पुढे पळालेल्या मुलींना हाक मारली.

परतीला कोल्हारचा थांबा आला. कमलचे आबा रस्त्यातच उभे होते, उसाच्या कुसळांनी ओरखडलेले हात जोडून. खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, पोरगी नीट हाय ना?" मग तिला, "कमळे, सोयरं बसल्यात. हो म्हन."

"न्हाई, आबा."

"का गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या खिडकीतून विजयानं अर्धं अंग बाहेर काढलं. "काका, कप्तान नेली तर पुढच्या वर्षी आम्ही मैदानावर काय, ऊस चोखत बसायचं?"

दोघी-तिघी हसल्या. आबाही नकळत हसले.

मी म्हटलं, "मॅट्रिक होऊ द्या तिला. अकरावीचं एकच वर्ष उरलंय."

"सोयरं थांबायचं न्हाईत, बाई."

"मग जाऊ द्या त्यांना."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसे आबा बरोबर चालू लागले. "बरं," ते ओरडले, "औंदा ऱ्हाऊ द्या!"

कमलनं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. विजया काही तिच्याशेजारी येऊन बसली नाही, नगर येईपर्यंत नाही.

विजया आईला काही बोलली नाही, एवढं मात्र खरं. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. एखादीला एखादी गोष्ट पटलेली नसते, तरी तिच्या हातून योग्य ते होऊन जातं, हे मी त्या प्रवासात पाहिलं.

कमल मॅट्रिक झाली, खेळाची शिक्षिका झाली. मग तिनं आबांना सांगितलं. कित्येक वर्षं ते बोलले नाहीत. म्हातारपणी मात्र तिच्याच घरी राहिले. त्यांनी मान्य केलं की नाही, ती सांगत नाही.

आमच्या शाळेच्या मैदानावर आता दुकानं आहेत. मुलींचा संघ केव्हाच बंद पडला. कमल नगरलाच सावेडीत राहते, आणि जिच्याबरोबर तिनं आयुष्य काढलं तीही तिथेच आहे. दोघींची तब्येत ठीक आहे.

तुमची,
आजी