रास्ता रोकोतली परीक्षा

सुनिल्दा ओविएदो नववीत असतानाच वरच्या वर्गांची गणिताची पुस्तकं संपवून बसली होती. मी पासो पिंदो या खेड्यातल्या शाळेत गणित शिकवते. माझं उदाहरण फळ्यावर लिहून होईस्तोवर हिचं उत्तर तयार, आणि मग तास संपेपर्यंत जांभया. मला राग यायचा, पण रागवायचं कशावरून? तिला शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं.

जवळच्या व्हियारिका शहरातल्या विद्यापीठात शाळेतल्या हुशार मुलांसाठी शनिवारचा वर्ग निघाल्याचं कळलं, तेव्हा मी तडक तिचं घर गाठलं. तिचे वडील, दॉन तिमोतेओ, उसाच्या फडातून येऊन पाय धूत होते.

"कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित आत्ताच शिकवतात," मी म्हटलं. "पास झाली की पुढे तिथे गेल्यावर तो विषय पुन्हा करायला नको."

"शाळेतलं सगळं संपलं म्हणता ना बाई? मग जेवण झालेल्याला पुन्हा कशाला वाढायचं?"

"जेवण कुठे झालंय? पोर उपाशी बसते माझ्या वर्गात."

ते हसले. "बरं, जाऊ दे. पण शनिवारी कोंबड्या कोण बघणार?"

"तुम्ही," सुनिल्दा आतूनच म्हणाली.

प्रवेशाच्या चाचणीत ती सहज निवडली गेली. पण वर्गातल्या पहिल्याच परीक्षेत सपशेल नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदा. दर शनिवारी मी तिच्याबरोबर जायचे. परतीच्या बसमध्ये मी तिची समजूत घालायला शब्द जुळवत होते, तर ही पेपर मांडीवर पसरून खुशीत.

"बाई, यातलं अर्धं मला कळतच नाही," ती म्हणाली. "किती छान."

"छान काय त्यात?"

"आता करायला काहीतरी आहे."

त्या दिवसापासून तिच्या जांभया बंद झाल्या. वर्गातल्या शहरी मुलांना ती बिनदिक्कत विचारायची, "हे पुन्हा सांग, डोक्यावरून गेलं." एकदा एक मुलगा कुत्सितपणे म्हणाला, "तुमच्याकडे उसाशिवाय काही पिकतं का?" ही म्हणाली, "पिकतं ना. तुझ्या चहातली साखर." पुढे तोच मुलगा, फाब्रिसिओ, तिच्या शेजारी बसून अभ्यास करायला लागला.

शेवटची परीक्षा भर थंडीत, ऊसतोडणीच्या दिवसांत आली. त्या शनिवारी आम्ही दोघी बसमध्ये चढलो, तर पुढच्याच बाकावर तिचे प्राध्यापक गाओना. ते राजधानीहून शिकवायला यायचे. प्रश्नपत्रिकांची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. थोडं पुढे गेलो आणि बस थांबली. रस्त्यात आडवे ट्रॅक्टर, उसाच्या मोळ्या, पेटवलेले टायर. आदल्या संध्याकाळी साखर कारखान्याशी उसाच्या भावाची बोलणी फिसकटली होती आणि शेतकरी पहाटेच रस्त्यावर उतरले होते. सगळ्यात पुढे दॉन तिमोतेओ, हातात 'माते'चा, म्हणजे आमच्याकडच्या कडवट पाल्याच्या गरम चहाचा, पेला.

सुनिल्दा खाली उतरली. "बाबा, तुम्ही तर ट्रॅक्टर दुरुस्तीला नेतो म्हणालात."

"तो काय, दुरुस्तच आहे," ते नजर चुकवत म्हणाले. मग हळूच, "आज परीक्षा होती का ग?"

"होती नाही, आहे."

त्यांनी पेला ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवला. "अ‍ॅम्ब्युलन्सशिवाय कुणाला सोडायचं नाही असं ठरलंय. मीच शपथ घ्यायला लावली सगळ्यांना. आता माझ्याच पोरीला कसं सोडू?"

"सोडा असं मी म्हटलं का?" ती म्हणाली आणि प्राध्यापकांकडे वळली. "सर, पेपर तुमच्याजवळ आहेत. आम्हाला बसायला जागा तेवढी हवी."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला, रस्त्याकडेच्या आंब्याकडे पाहिलं आणि फोन काढला. पलीकडच्या बाजूला विद्यापीठात थांबलेली मुलं दुपारपर्यंत एका टेम्पोतून आली. टेम्पो पलीकडे सोडून, धुरातून नाकाला रुमाल लावून चालत. शेतकऱ्यांनी ट्रॉलीच्या फळ्या काढून खोक्यांवर टाकल्या, झाली बाकं. फाब्रिसिओच्या वाट्याला खताचं पोतं आलं. त्यावरच तो बसला, तक्रार न करता.

आणि मग दॉन तिमोतेओ कामाला लागले. ढोल बंद. घोषणा बंद. एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, तर हे धावत गेले. "अरे, पोरं पेपर देतायत. तुला काय घाई? रस्ता तर बंदच आहे." पलीकडे बायका वोरी वोरीचं मोठं पातेलं ढवळत होत्या, मक्याच्या गोळ्यांच्या त्या रश्शाचा वास थेट आंब्याखाली यायचा. एकीने डावाने पातेलं ठोकलं, तर दहा जणांनी तिच्याकडे डोळे वटारले. पोलीस आले, त्यांनाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. त्यांच्या साहेबांनी टोपी काढली आणि सावलीत उभे राहिले.

पेपर संपल्यावर सगळी मुलं त्याच पातेल्यावर तुटून पडली. प्राध्यापकांनी दोनदा वाढून घेतलं. दॉन तिमोतेओ त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"सर, हिचं जमेल का हो?"

"ते पेपर तपासल्यावर कळेल. पण प्रश्न विचारण्यात तिच्याइतकं कुणी नाही माझ्या वर्गात."

"घरीही तेच करते," ते म्हणाले, पण कौतुक काही लपलं नाही.

फाब्रिसिओ पहिला आला. सुनिल्दा मधेच कुठेतरी, पण चांगली पास झाली. भाव थोडा वाढवून मिळाला, मागितला तेवढा नाही. सुनिल्दा आता त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. त्या परीक्षेनंतरच्याच वर्षी माझ्या वर्गातल्या तीन मुली शनिवारच्या वर्गाला निघाल्या. त्यांच्या आईबापांची समजूत काढायला मला जावंच लागलं नाही. दॉन तिमोतेओ आधीच घरोघर फिरून आले होते.