मोतीला शिकवलेला एकच शब्द

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. नाही करत? मग हसा, पण चहा माझ्या पैशानं पिताय एवढं ध्यानात ठेवा!

तेव्हा पिंपरीत नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. बाकी सगळा माळ आणि बाभळी. अशाच एका कारखान्याच्या फाटकावर मी टेंपरवारी पहारेकरी. लग्न झालेलं, पण सासरे म्हणाले होते, "जावई कायम होऊ द्या, मगच पोरगी पाठवू." म्हणजे बायको साताऱ्याकडे आणि मी इथं हातानं भाकरी थापतोय! सांगा, कायम व्हायची घाई कुणाला नसेल?

एकदा मॅनेजरसाहेब म्हणाले, "फाटकावरच्या या मोती कुत्र्याला काही शिकवता येतं का रे कुणाला?"

"मला येतं की साहेब! आमच्या घराण्यातच आहे ते."

घराण्यात काय होतं? एक म्हैस. तीही कुणाचं ऐकत नव्हती.

"मग शिकव. मुंबईहून मोठे साहेब येणारेत, त्यांना दाखवू. खूश झाले तर तुला कायम करतो."

झालं! मी पळत कासारवाडीच्या रहीमचाचांकडे. ते खाटीक, दुकानापुढे कायम कुत्री. ते म्हणाले, "भावा, कुत्रं शिकवणं नाजूक काम. लफ्ज एकच ठेव. आज ये, उद्या चल, असं केलंस की जनावर गोंधळलं. आणि हुकूम मानला की इनाम लगेच!" वर हाडांची पुडीही दिली.

आता मी पडलो माळकरी. हाडाला हात कसा लावू? वेगळा चिमटा आणला. कारखान्याच्या मागं जाऊन चिमट्यात हाड धरायचं आणि ओरडायचं, "मोती, ये, हे बघ हाड!" मग आठवलं, शब्द एकच पाहिजे. बाकीचे गाळले. उरलं काय? "हाड!"

आणि काय सांगू राव, कुत्रं बाणासारखं यायचं! लांबून नुसतं "हाड!" म्हटलं की हजर, दोन्ही पाय माझ्या छातीवर. मला तर वाटलं, आपण सर्कशीतच जायला पाहिजे होतं.

फाटकासमोरचा चहावाला बबन तक्रार घेऊन आला. "आरं, तुझं कुत्रं जितकं हाकलावं तितकं अंगावर येतंय. काय शिकिवलंयस त्याला?"

"निडर केलंय बबनराव! पहाऱ्याचं कुत्रं असंच पाहिजे."

माझ्या डोक्यात तरीही उजेड पडला नाही. पडला असता तर हा किस्सा कशाला झाला असता?

मोठे साहेब आले. पांढरा कोट, पांढरी विजार. मी तोंडानं काही न बोलता नुसता चिमटा खाली-वर करून मोतीला बसवलं, उठवलं. साहेब खूश! मॅनेजरसाहेबांनी मला डोळ्यानंच 'कायम' म्हटलं. मनातल्या मनात मी बायकोला एस.टी.त बसवलंसुद्धा!

तेवढ्यात मोती साहेबांचे बूट हुंगायला गेला. साहेब जरा दचकले आणि, आपण सगळेच म्हणतो तसं, म्हणाले, "हाड!"

मोतीनं घेतली की उडी! दोन्ही पाय पांढऱ्या कोटावर आणि नाक खिशात.

"हाड! हाड!" साहेब.

दोन हाडं! मोतीच्या आनंदाला पारावार नाही.

मॅनेजर ओरडले, "हाड!" बबन ओरडला, "हाड!" पाळी सुटून बाहेर आलेले कामगार एका सुरात, "हाड! हाड!" मोतीला वाटलं, आज दिवाळीच. तो या छातीवरून त्या छातीवर. साहेब कसेबसे मोटारीच्या टपावर चढले.

"अरे, याला जा कसं म्हणायचं?" मॅनेजर किंचाळले.

मी हात जोडले. "साहेब, ते अजून शिकवायचंय."

शेवटी चिमट्यात हाड धरून मीच मोतीला खांबापाशी नेलं आणि बांधलं. सगळं शांत झालं. साहेब टपावरूनच म्हणाले, "कुत्रं हुशार आहे. शिकवलेलं पक्कं ध्यानात ठेवतं. त्याला कायम ठेवा."

मी आशेनं पुढं झालो. "आणि मी, साहेब?"

साहेबांनी तोंड उघडलं. मग मोतीकडे बघितलं. तोंड गच्च मिटून घेतलं आणि मला नुसतं बोटानं फाटक दाखवलं.