अर्जाच्या पाठीवरचं गणित

बर्फाच्या कारखान्यावरून जाताना अमोनियाचा वास आला, की मला नव्वदीतल्या सुरतेतला अकरावीचा एक तास आठवतो. आदल्याच दिवशी रसायनशास्त्राच्या सरांनी माझ्या हातात सायन्स सोडून कॉमर्सला जायचा कोरा अर्ज ठेवला होता. फळ्यावर गणित होतं: एक मोल नायट्रोजन, तीन मोल हायड्रोजन, समतोलाला अमोनिया ०.४ मोल, मग बाकीचे दोन किती उरले? वर्गाने दोन्हींतून सारखंच वजा केलं. मला मात्र आमच्या डिंडोली वस्तीतल्या लूमवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे धागे भरणारे पप्पा दिसले. "एक लाल गया का तीन धवळा गयात," असं ते पुटपुटायचे. नायट्रोजन लाल, हायड्रोजन पांढरा. एका नायट्रोजनचे दोन अमोनिया होतात, तेव्हा ०.४ अमोनियाला नायट्रोजन ०.२ लागला, म्हणजे हायड्रोजन ०.६ जाणारच. हाताशी तो अर्जच होता, त्याच्या पाठीवर मी उत्तर मांडलं: ०.८ आणि २.४. सरांनी कागद दोनदा वाचला आणि खडू माझ्यापुढे धरला. "पाटिया पर आव, बेन." आता मीच हे गणित शिकवते. तो अर्ज अजून माझ्याकडे आहे, त्याची पुढची बाजू कोरीच राहिली.