चारचं पाणी

माझ्या बायकोची नजर अचानक गेली, असं आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. तसं तीच सांगते. मी शेजारी बसून मान हलवतो. ते खरं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा म्हणाली, "अहो, दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात." मी तेव्हा वाळूजच्या कंपनीतून येऊन आमच्या जुन्या व्हॅनखाली आडवा झालो होतो. सेकंडहँड घेतलेली, एवढीशी गाडी. तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि दोघांनी कोकणचा किनारा धरून आठ दिवस फिरायचं, हा माझा नाद. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. गाडीखालूनच मी म्हणालो, "मग काय, तुला फुकटात रोषणाई!" ती हसली.

नंतर तिचं डोकं दुखायला लागलं. उंबऱ्याला ठेच लागायची, वरण वाटीबाहेर सांडायचं. "गाडी होऊ दे, मग दाखवू," मी म्हणायचो. सगळे रविवार गाडीचे होते.

शेवटी दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एक डोळा संपलेला, दुसऱ्यात समोरचं थोडंसं उरलेलं. गेलेलं परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. मग मी पिसाळल्यासारखा कामाला लागलो. पंधरा दिवसांत गाडी उरकली आणि निघालो. बरोबर डोळ्यांत घालायचे थेंब, गोळ्या आणि शंभर लिटर पाणी. आमच्या शहरात, छावणी भागात, नळाची वाट बघतच आठवडा जातो, त्यामुळं पाणी भरून घेतल्याशिवाय कुठं निघवतच नाही.

पहिले दोन दिवस रस्ता समुद्राच्या कडेकडेनं होता. "बघ, होड्या." "अय्या, किती होड्या!" "तिकडं खडक बघ, काळे." "व्हय, काळेकुट्ट." गाडीत तिला डबा, चमचा, काडेपेटी न बघता सापडायची. मला वाटायचं, माझी मांडणीच तशी आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका लहान गावात उतरलो, तर ओहोटीनं समुद्र पार लांब गेलेला. पुढं नुसती ओली वाळू. मासळी वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "सुकती लागलीय."

"घ्या!" बायको म्हणाली, "इथंबी सुकलं. समुद्रालाबी आठ दिवसांनीच पाणी येतं का हो बाई?"

बाई पोट धरून हसली. "येल, येल. चारला भरती. गाडी मात्र खाली नेऊ नका हां."

चारला पाणी येणार, हे मी आमच्या शहराच्या कानांनी ऐकलं. आमच्याकडं चारचं पाणी म्हणजे सहा, नाहीतर उद्या. बायकोला वाळूत चालवत नेण्यापेक्षा गाडीच पाण्याजवळ न्यावी, अगदी समोर, हाताच्या अंतरावर समुद्र दाखवावा, असं मनात आलं. उरलेल्या नजरेत मावेल एवढा तरी. नेली. मागची चाकं तिथंच रुतली.

टाकी रिकामी केली असती तर गाडी हलकी झाली असती. ती म्हणालीसुद्धा, "ओता ते पाणी." माझा हात नळावर गेला आणि थांबला. गोडं पाणी वाळूत सोडायचं? मी तसाच खोरं घेऊन उकरत बसलो, किनाऱ्याच्या बाजूनं. ती दुसऱ्या बाजूच्या उघड्या दारात, पलंगाच्या कडेला, समुद्राकडं तोंड करून बसली होती.

"पाणी कुठवर आलंय, बघत राहा."

"लांब हाय अजून."

मी उकरत राहिलो. परत विचारलं.

"लांब हाय हो. तुम्ही करा सावकाश."

तेवढ्यात गाडीच्या खालून पाणी आलं आणि माझ्या घोट्याभोवती फिरलं. मी पळत त्या बाजूला गेलो. तिच्या पायांखाली, पायरीच्या बरोबर खाली, फेस होता. ती त्याच्याकडंच बघत होती.

"तुला दिसत नाही?"

तिनं दाराची कड चाचपून धरली.

"कधीपासून?"

"निघायच्या आधीच्या सोमवारपासून. उजेड तेवढा कळतो."

"मग होड्या? खडक?"

"तुम्ही दाखवत होता ना." मग म्हणाली, "रोषणाई बंद झाली तुमची."

एवढंच. दोन वर्षांत तिनं मला मारलेला तो एकच टोमणा. मी तिला कमरेला धरून खाली उतरवलं. पाणी पायांना लागलं तशी ती दचकली आणि माझा शर्ट घट्ट धरून तिनं विचारलं, "केवढा हाय हो?" ती समुद्रात उभी राहून वाट बघत होती आणि मी तिला समुद्र केवढा आहे हे सांगू शकलो नाही.

गावातल्या लोकांनी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. मासळीवाली बाई मला म्हणाली, "सांगितलं होतं ना, दादा?"

मला तिनंही सांगितलं होतं, आणि बायकोनंही.

परवा माझी बहीण भेटायला आली. "असं अचानक कसं गं झालं, वहिनी?" बायको म्हणाली, "अचानकच हो." माझी मान हलायला लागली होती, ती मी थांबवली. बहिणीला म्हणालो, "अचानक नाही. ती सांगत होती. मी गाडीखाली होतो."

बायकोनं चेहरा माझ्याकडं वळवला, पण थोडा बाजूला, मी नव्हतो तिथं.