आंद्रेसला आज गोड नाही

इंग्रिड टॉलेफसनने उभ्या जन्मात कुणाला तोंडावर काही सुनावलं नव्हतं. नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या नॉर्स्टाड गावात तसं कुणीच कुणाला सुनावत नाही, पण इंग्रिडचं प्रकरण चार पावलं पुढचं होतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला असायची. एखाद्या पोराने आपल्या ताटातला मका शेजारच्याच्या डोक्यावर ओतला, तर इंग्रिड मक्याकडे बघून म्हणायची, "आज मका फारच लांब गेला हं." पोरगं जागच्या जागी विरघळायचं. पास्टरांचं प्रवचन ताणलं गेलं की चर्चच्या दारात त्यांचा हात हातात घेऊन ती म्हणायची, "आज अगदी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाहीत." पुढच्या रविवारी प्रवचन आवरतं घेतलेलं असायचं.

बोलायचं एकाला आणि बघायचं भलतीकडे, ही विद्या तिने आईकडून घेतली होती आणि आईने आजीकडून. आजी नॉर्वेहून आली तेव्हा ट्रंकेत हीच विद्या भरून आली असावी, कारण दुसरं काही आणल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

नवरा डेल शाळेची बस चालवायचा. सोरेन सात वर्षांचा, ब्रिटा पाचची. जेवणाच्या टेबलाला पाचवी खुर्ची होती आणि ती रिकामी का, असा विचार करता करता या दोघांनी कोलंबियातून एक मुलगा दत्तक घ्यायचं ठरवलं. संस्थेने फोटो पाठवला. आंद्रेस, वय वर्षं सहा. एक मोजा वर, एक खाली, आणि कॅमेऱ्याकडे असं बघणं, की जणू कॅमेऱ्याने त्याचं काहीतरी चोरलंय. फोटो बघताच इंग्रिड खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वाईट नाही." नॉर्स्टाडमध्ये याचा अर्थ असा, की आता या मुलासाठी ही बाई समुद्र पिऊन टाकेल.

मग सुरू झालं वाट पाहणं. आज कोर्टाला सुट्टी, उद्या शिक्का चुकला, परवा शिक्का मारणारा माणूसच बदलला. संस्थेने सल्ला दिला, की तो घरात आहे असंच समजून वागा, म्हणजे मुलांना सवय होईल. टॉलेफसन मंडळी सांगितलेलं ऐकणारी. टेबलावर पाचवं ताट लागायला लागलं आणि ताटामागे फोटो उभा राहायला लागला. आंद्रेसचा वाढदिवस झाला, केक कापला, त्याच्या वाटणीचा तुकडा डेलने जड अंतःकरणाने खाल्ला.

त्यातच एके दिवशी बैठकीतला दिवा फुटला. दिव्याशेजारी सोरेन, सोरेनच्या हातात बॉल.

"आंद्रेसने फोडला," सोरेन म्हणाला.

इंग्रिडने तोंड उघडलं. सवयीने नजर भलतीकडे गेली, आणि भलतीकडे नेमका फोटो होता. "आंद्रेस," ती फोटोला म्हणाली, "घरात बॉल खेळायचा नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे. आज तुला गोड नाही."

सोरेनचे कान लालबुंद झाले. पुढे कित्येक दिवस त्याने बॉलला हात लावला नाही. इंग्रिडला जणू गुप्तधन सापडलं. इतकी वर्षं मका, दिवे आणि हवापाण्याशी बोलून पोरांना वळण लावावं लागत होतं. आता चक्क हाडामासाच्या मुलाचं नाव घेऊन रागावता येत होतं, आणि कुणालाच लागत नव्हतं. ती रागवायला लागली. मनमोकळी रागवायला लागली. आवाज चढायला लागला. आंद्रेसने दात घासले नाहीत, आंद्रेसने मांजरीला रंग लावला, आंद्रेसने ब्रिटाच्या बाहुलीचे केस कापले आणि वर ते सूपमध्ये टाकले. गुन्हा मोठा असेल तर फोटो तळघराच्या जिन्यावर, भिंतीकडे तोंड करून. ब्रिटा हळूच जाऊन फोटोवर आपला हातमोजा पांघरवून यायची, कारण जिन्यात गार असतं.

मुलं चौकट सांभाळून वागत होती. डेलने ती मोडली. एका सकाळी पिकअप मागे घेताना त्याने गॅरेजचं दार आत चेपवलं. बायकोला सांगायचं म्हणजे तोंडावर सांगायचं. तो बराच वेळ बूट काढत बसला आणि मग म्हणाला, "आंद्रेसने पिकअप काढली होती वाटतं."

"त्याला म्हणावं, आधी आरशात बघत जा," इंग्रिड कांदा चिरता चिरता म्हणाली.

"सांगतो," डेल म्हणाला, आणि तळघरात जाऊन खरोखरच सांगून आला.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. शेजारी अर्लिस नेल्सन नावाच्या विधवा बाई राहायच्या. त्यांच्या कानावर रोज संध्याकाळी पडायला लागलं, "आंद्रेस, उठ ताटावरून." "आंद्रेस, मी तुला किती वेळा सांगितलं?" अर्लिसबाईंना वाटलं, आला वाटतं मुलगा. दिसत मात्र नव्हता. आता दिसत नाही म्हणून विचारायचं तरी कसं? तोंडावर? त्यापेक्षा लाजाळू असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोर रोज उपाशी झोपतंय म्हणून त्यांचं काळीज तुटायचं, तेव्हा दर बुधवारी त्या खिम्यावर बटाट्याचे गोळे रचलेली हॉटडिश घेऊन यायच्या आणि दारातच म्हणायच्या, "जास्तच झालं होतं. कुणी कमी जेवलं असेल, तर त्याला होईल." इंग्रिडला वाटायचं, बाईंना माझा स्वयंपाक पसंत नाही. तिनेही विचारलं नाही. गावभर बातमी झाली, की टॉलेफसनांचा धाकटा आलाय, फार द्वाड आहे, पण बाई सांभाळून घेतात. चर्चमधल्या बायकांनी स्वेटर विणून दाराशी ठेवला. इंग्रिडला वाटलं, किती आधीपासून तयारी करतात बिचाऱ्या.

अशी दोन वर्षं गेली आणि घराच्या मंजुरीची मुदत संपत आली. घर मूल ठेवण्याजोगं आहे, असं संस्थेच्या बाईंनी पुन्हा येऊन, बघून, सही करून द्यायचं. सही झाली नाही, तर आंद्रेस दुसऱ्या कुटुंबाच्या वाट्याला जाणार, हे संस्थेने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. इंग्रिडने फोन ठेवला आणि ओव्हन आतून घासायला घेतला. घासून झाल्यावर पुन्हा घासला.

येणाऱ्या बाई नव्या होत्या. रोझान डिमार्को, न्यू जर्सीच्या. तिकडे लोक मनात येईल ते त्याच क्षणी समोरच्याच्या कपाळावर मारतात, अशी नॉर्स्टाडमध्ये समजूत आहे, आणि रोझानबाईंनी ती खोटी ठरवली नाही. गाडीतून उतरल्या, गॅरेजच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "हे कुणी ठोकलं?" आणि उत्तराची वाट न बघता, रीत म्हणून, आधी शेजारी चौकशीला गेल्या.

अर्लिसबाईंना इतका सरळ प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. इंग्रिड आई म्हणून कशी आहे? त्यांनी कॉफी ओतली, बशी पुसली, आणि मैत्रिणीची बाजू जिवापाड लावून धरली. म्हणाल्या, की इंग्रिड आवाज चढवते, नाही असं नाही, जेवणही बंद करते अधूनमधून, पण ते आंद्रेसचं, सख्ख्या मुलांचं कधीच नाही. आणि तो मुलगाही जरा वेगळाच आहे. तळघरात ठेवलं की शांत असतो. आवाज म्हणून येत नाही.

रोझानबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंग्रिडने बदामाचा केक पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला आणि ब्रिटाला जवळ घेतलं.

"तू चुकलीस की मॉम काय करते गं?"

"मी चुकतच नाही," ब्रिटा म्हणाली. "आंद्रेस चुकतो."

"मग त्याचं काय करते?"

"जिन्यावर बसवते. भिंतीकडे तोंड करून. काल त्याने मटार हीटरच्या जाळीत टाकले, म्हणून तो अजून खालीच आहे."

"कालपासून?"

"त्याला चालतं," सोरेनने समजावलं. "तो बोलत नाही."

रोझानबाईंनी पेन खाली ठेवलं. इंग्रिड कसनुसं हसली आणि म्हणाली, की आंद्रेस तर कोलंबियात आहे.

"मग तळघरात कोण आहे?"

डेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, की यंदा बर्फ लवकर आलं. रोझानबाई उठल्या, तळघराचं दार त्यांनी हिसका देऊन उघडलं आणि तिसऱ्या पायरीवर थांबल्या. पायरीवर फोटो होता, भिंतीकडे तोंड केलेला, खांद्यापर्यंत लाल हातमोजा पांघरलेला. बाईंनी तो उचलला, फिरवून बघितला. एक मोजा वर, एक खाली.

बाई पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, केस सुटले. सगळ्यांना हायसं वाटलं. डेलसुद्धा हसला. मग बाई एकदम थांबल्या.

"हसू आलं हे खरं," त्या म्हणाल्या, "पण सही मी कशी करू? या घरात माणसं चार, आणि शिक्षा कायम पाचव्याला. उद्या तो खराच आला, की सोरेन काहीतरी फोडणार, आणि तुम्ही सवयीने त्याच्याकडे बघणार. त्याला तर तुमची भाषाही यायची नाही. तो बोलणार काय?"

इंग्रिडने फोटो बाईंच्या हातातून घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला त्यातला मुलगा दिसला. आजवर तिथे सोरेन होता, ब्रिटा होती, बऱ्याचदा डेल होता. हा पोरगा मात्र कधी नव्हताच.

तिने फोटो टेबलावर सरळ उभा केला आणि मान वळवली. मान सवयीने दिव्याकडे गेली, तिथून खिडकीकडे, तिथून मांजरीकडे. मांजर उठून गेली. मग इंग्रिडने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि सोरेनकडे बघितलं.

"सोरेन. मटार तू टाकलेस."

सोरेनने मागे वळून बघितलं, की मागे कुणी उभं आहे का. नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"काढ ते. सगळे. चमच्याने."

"हो, मॉम."

एकदा बूच उडालं ते उडालं. तिने ब्रिटाला सांगितलं, की बाहुलीचे केस तू कापलेस आणि सूपमध्येही तूच टाकलेस, ते मी गिळलंय. डेलला सांगितलं, की एवढंसं पोर पिकअप चालवत नाही, दार या शनिवारी नीट झालं पाहिजे, आणि घोरणं थांबव. डेल म्हणाला, "बरं मग," आणि हातोडी आणायला गेला. इतक्यात, बुधवार असल्यामुळे, मागच्या दाराने अर्लिसबाई हॉटडिश घेऊन आत आल्या. "कुणी कमी जेवलं असेल, तर—" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"अर्लिस, घरात कुणीही उपाशी नाही. मुलगा अजून आलेलाच नाही. तुम्ही दोन वर्षं एका फोटोला जेवू घालताय. आणि मीठ जास्त असतं."

अर्लिसबाईंनी भांडं हळूच ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मलाही वाटायचंच, जास्त आहे म्हणून." आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही सांगितल्याच्या आनंदाने खुर्ची ओढून बसल्या.

इंग्रिडने फोनकडे हात नेला. पास्टरांच्या प्रवचनांबद्दल तिला बरंच बोलायचं होतं. रोझानबाईंनी तो हात वरच्यावर धरला. म्हणाल्या, "एवढं पुरे आहे. मी विचार करते, पुढच्या आठवड्यात कळवते."

नॉर्स्टाडमध्ये एरवी यावर लोक कोट आणून देतात, गाडीपर्यंत पोचवायला जातात आणि गाडीच्या खिडकीशी अर्धा तास हवेबद्दल बोलतात. इंग्रिड दारात आडवी उभी राहिली.

"विचार काय करायचाय? मी रागावले, तुम्ही बघितलंत. त्याच्यावरही रागवेन, पण तो जे करेल त्यासाठीच. सही करणार आहात की नाही? आत्ता सांगा."

रोझानबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. न्यू जर्सी सोडल्यापासून त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

"करते," त्या म्हणाल्या. खुर्चीत बसल्या आणि खरंच सही केली.

मागितलं, आणि मिळालं. मधे काहीच नाही. अशा वेळी काय करतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती बाईंसमोर बसली, ॲप्रनला हात पुसले आणि ओल्या डोळ्यांनी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे, तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नसेल, तरच हं."