मोकळ्या खुर्चीचं तिकीट

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला रेणूचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. ही वेळ तिची तिकडे अमेरिकेत फुटबॉलच्या मैदानावर असण्याची. त्या वेळेला तिने मला कधीच फोन केला नव्हता. मागे प्रचंड गलका चालला होता. "बाई, अण्णांचा मिस कॉल आला नाही," ती म्हणाली. "मी उभीच आहे अजून. जरा बघता का?" अण्णांच्या दाराची दुसरी किल्ली आमच्याकडे खिळ्याला असते. त्यांचं दार आमच्या दारासमोर, मध्ये चार पावलं, पण त्या दिवशी किल्ली कुलपात जाईना. एका कानाला फोन, आणि दाराच्या आतून टीव्हीचा आवाज येत होता... तोच गलका, तेच ढोल, फक्त अर्ध्या-पाऊण मिनिटाने मागे. अण्णा खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, मोबाईल मांडीवर. मी हात धरला तर गार. वर पाहिलं, आणि पडद्यावर रेणू दिसली, करंगळीच्या नखाएवढी, कानाला फोन लावून उभी. फोनवरची रेणू मला "बाई, काय झालं? बोला की!" म्हणत होती, आणि पडद्यावरची रेणू मी दार उघडायची वाट बघत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

अण्णा म्हणजे बिराप्पा, माझे वीस-बावीस वर्षांचे शेजारी. कानडी सीमेवरच्या मैंदर्गीतल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. गुरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधण्याची नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली आणि चिडलेल्या बैलाशीही कानडीतून गोड बोलून काम उरकलं. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. रेणू माझ्याच वर्गात होती, म्हणून बापलेक दोघंही मला 'बाई'च म्हणायचे. माझी जीभ तिखट आणि अण्णांचे कान जाड, त्यामुळे शेजार छान टिकला. रेणूची आई ती दहावीत असताना गेली. पोरगी हुशार निघाली, इंजिनिअर झाली, अमेरिकेत गेली आणि तिथल्या एका मध्यम आकाराच्या गावात एकटी राहू लागली. शनिवारी संध्याकाळी घर खायला उठायचं म्हणून तिने गावातल्या फुटबॉल संघाचं अख्ख्या हंगामाचं तिकीट काढलं. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव त्यांनी हातात धरून पळायच्या खेळाला देऊन टाकलंय. तिने जागा निवडली ती कॅमेऱ्याच्या बरोबर समोरची, दुसरी रांग. चेंडू त्या बाजूला गेला की ती टीव्हीवर दिसायची. ओळखू यावी म्हणून अण्णांनी दिलेलं काळं घोंगडं पुढच्या कठड्यावर टाकायची. तिची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट. पाचला सामना सुरू व्हायचा आणि पावणेपाचला अण्णा माझं दार वाजवायचे. "चला बाई, रेणू येऊन बसली आसंल."

खेळातलं आम्हा दोघांना काही कळत नव्हतं. अण्णा माणसं बघायचे. मेंढरं मोजायची नाहीत, नजर लागते, असं त्यांच्या घरात मानायचे. पण संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना कोण कमी आहे ते त्यांच्या वडिलांना नुसतं बघून कळायचं, आणि तीच नजर अण्णांकडे आली होती. दोन महिन्यांत त्यांना रेणूच्या आसपासची सगळी रांग पाठ झाली. "लाल टोपीवाली म्हातारी आज न्हाय," ते म्हणायचे, आणि रेणूला विचारलं तर खरंच म्हातारीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असायचं. एकदा कुणीतरी जगप्रसिद्ध खेळाडू समोरच्या संघातून खेळायला आला, तेव्हा मैदान तुडुंब भरलं. रेणू खुशीत होती आणि अण्णा घामाघूम, कारण त्या गर्दीत त्यांना ती सापडेना. पुढच्या शनिवारी पुन्हा मोकळ्या खुर्च्या. "जत्रंची मान्सं ती," अण्णा म्हणाले. "जत्रा उठली, गेली." त्यांचा जीव होता तो गोलमागे उभं राहून ढोल बडवणाऱ्या पन्नाससाठ पोरांवर. संघ हरो, पाऊस पडो, ती पोरं उभीच. "ही खरी. ह्यांना देव आला न आला, सारखंच."

सामना संपायला वीसेक मिनिटं राहिली की पडद्यावर आज किती प्रेक्षक आले त्याचा आकडा यायचा. तीच बापलेकीची खूण होती. आकडा आला की रेणू उठून हात वर करायची आणि अण्णा तिला मिस कॉल द्यायचे. तो वाजला की ती खाली बसायची. पण त्या आकड्यावर अण्णांचा भारी राग. "निम्म्या खुर्च्या मोकळ्या हायत अन् आकडा बगा की बाई! कुनाला फसवत्यात?" शेवटी रेणूनेच फोनवर समजावलं, की तिकडे विकलेली तिकिटं मोजतात, माणूस येवो न येवो. अण्णा आणखी भडकले. "न आलेल्या मान्साला आला म्हनायचं? आमच्या कळपात आसलं चालत न्हाय." तेव्हा रेणू म्हणाली, "अण्णा, माझ्या शेजारची खुर्ची मी तुमच्या नावानं घेतलीय. तुम्ही याल तेव्हा याल. त्या आकड्यात तुम्ही पण आहात." अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेले. चहा मात्र आलाच नाही. मी आत डोकावले, तर साखरेचा डबा हातात धरून उभे होते. पुढच्या रविवारपासून ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसू लागले. मी चिडवलं तर म्हणाले, "आमचं तिकीट हाय म्हनलं." पासपोर्टही काढून आणला. पुढच्या हंगामाला जायचं ठरलं होतं.

आणि मग एक रविवार असा आला. पाच वाजले, खेळ सुरू झाला, चेंडू त्या बाजूला गेला, आणि कठड्यावर घोंगडं नव्हतं. दोन्ही खुर्च्या मोकळ्या. अण्णांनी फोन लावला, बंद. पुन्हा लावला; बंद. मी म्हटलं, उशीर झाला असेल, ट्रॅफिक असेल, मी आपलं काहीबाही बोलत होते. ते नंबर लावतच राहिले. मध्यंतर झालं. त्यांच्या शर्टाला घामाने पाठीवर मोठा डाग पडला होता आणि डावा हात ते सारखा चोळत होते. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि पाच-सात मिनिटांनी कठड्यावर ते काळं घोंगडं पडलं. गाडीचं टायर फुटलं होतं, मोबाईलची बॅटरी संपली होती, बस्स. आकडा आला, तिने हात केला, अण्णांनी मिस कॉल दिला. मग मला म्हणाले, "बाई, पानी द्या. छातीत लई दाटलंय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नस तपासून घ्या, लगेच भरती व्हा. अण्णांनी गोळ्या घेतल्या आणि घरी आले. "हंगाम संपू दे." मी विचारलं, हंगामाचा आणि छातीचा काय संबंध? तर म्हणे, "तितं मोबाईल काडून घेत्यात. रेणू हात वर करून हुबी ऱ्हाईल, त्याचं काय?" रेणूला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. "येकटी हाय ती. ऐकून काय करनार? नुस्ती रडत बसंल." आणि मी, चाळीस-चाळीस पोरांना सरळ करणारी बाई, गप्प बसले. रेणू फोनवर विचारायची, "अण्णा बरे आहेत ना?" आणि मी म्हणायची, "ठणठणीत." तिकडचा आकडा परवडला. निदान तिकिटं तरी खरी विकलेली असतात.

पाच रविवार असे काढले. प्रत्येक वेळी मी खेळ सोडून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसायची. सहाव्याच्या आधी शुक्रवारी त्यांना जिन्यात बसलेलं पाहिलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, "सोमवारी भरती व्हा, नाहीतर मी रेणूला सगळं सांगते." ते उठले, भिंत धरून. "सांगितलं तर तुमच्या दारात पाय ठेवनार न्हाय." "नका ठेवू," मी म्हटलं. हेच आमचं शेवटचं बोलणं. रविवारी पहाटे त्यांनी दार वाजवलं नाही आणि मीही गेले नाही. समोरून टीव्हीचा आवाज ऐकू येत होता, आणि मी हट्टाने डाळ निवडत बसले.

रेणू तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर मैंदर्गीच्या पुतण्यांनी सगळं उरकलं होतं. आवराआवर करताना तिला कपाटात डॉक्टरांची फाईल सापडली. ती घेऊन ती माझ्या दारात आली. "बाई, तुम्हाला माहीत होतं?" मी "हो" म्हटलं. शपथेचं सांगितलं असतं, तर ते मेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं. तिने फाईल मिटली. अमेरिकेला परत जाताना पाया पडली, किल्ली माझ्याकडेच ठेवली, पण डोळ्यांत बघितलं नाही. त्यानंतर मी तीनदा फोन केला. तिने उचलला नाही. माझं चुकलं, हे मला त्या तीन फोनांच्या आधीही कळलेलं होतं.

परवाच्या रविवारी पावणेपाचला जाग आली आणि मी किल्ली घेऊन समोरच्या घरात गेले. अण्णांच्या खुर्चीत बसवेना, म्हणून सतरंजीवर बसले. टीव्ही लावला. बराच वेळ चेंडू या बाजूलाच घोळत होता. मग गेला तिकडे. रेणू होती. कठडा मोकळा होता; घोंगडं शेजारच्या खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलेलं होतं. सहा वाजले, सव्वासहा झाले. माझ्या हातात मोबाईल, तिचा नंबर काढलेला, आणि अंगठा काही हलेना. आपला काय अधिकार, असं वाटत होतं. शेवटी आकडा यायच्या जरा आधीच मी फोन लावला. एकदा वाजू द्यायचा आणि तोडायचा, अण्णा करायचे तसा. पण मी तोडायच्या आत तिने उचलला. कानात गलका, ढोल.

"बाई," ती म्हणाली, "आकडा आला का?"

"अजून नाही."

"इथं आलाय. मी उभी आहे."

पडद्यावर ती अजून बसलेलीच होती. आम्ही दोघी थांबलो. मग खाली आकडा आला, आणि ती उठली, हात वर केला... दुसरा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर.

"आला," मी म्हटलं.

"बरोबर हाय का?" तिने विचारलं, अगदी बापाच्या आवाजात.

मी पडद्यावर अण्णांसारखं नीट बघून घेतलं. खूप खुर्च्या मोकळ्या होत्या.

"बरोबर हाय," मी म्हटलं. "तुमी दोघं धरून."